मुलांची लेखणी, मोठ्यांचा हात

वार्षिक परीक्षा आटोपल्या आणि उन्हाळ्याची सुटी लागली, की आपल्याकडे शिबिरांचा हंगाम सुरू होतो. संस्कार, गायन आणि चित्रकलेच्या शिबिरांच्या जोडीला ‘सर्जनशील लेखन कार्यशाळा’ हे नाव आता शहरातल्या शाळांप्रमाणे तालुक्याच्या गावीही ऐकू येते. तीन-चार दिवस मुले जमतात, कोणी लेखक किंवा शिक्षक त्यांना मार्गदर्शन करतात, शेवटच्या दिवशी पालकांसमोर वाचन होते आणि पुढे मुलांच्या कविता-गोष्टींची एक पुस्तिका निघते. या उपक्रमाने मुलांचा आत्मविश्वास वाढतो व त्यांच्या कल्पनाशक्तीला पंख फुटतात, असे प्रत्येक पुस्तिकेच्या प्रास्ताविकात म्हटलेले असते. हे विधान खरे आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटीवर खरे आहे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

अशा पुस्तिका आमच्या हाती येतात तेव्हा त्या आम्ही प्रेमाने वाचतो. तथापि दोन-तीन पुस्तिका ओळीने वाचल्या, की मन खट्टू होते. सर्वांत तोच चांदोमामा, तीच रंगीबेरंगी फुलपाखरे, तोच इंद्रधनुष्याचा झोका. आई सर्वत्र मायेचा सागर असते आणि पाऊस सर्वत्र आनंद घेऊन येतो. आता ज्या जिल्ह्यात आपण राहतो, त्या नगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) दक्षिण तालुक्यांत पाऊस हा आनंदाचा विषय होण्याआधी काळजीचा विषय असतो, हे तिथल्या दहा वर्षांच्या पोराला पुरते ठाऊक असते. मग त्याच्या कवितेतला पाऊस कोकणातल्या पाठ्यपुस्तकी पावसासारखा का पडावा? उत्तर उघड आहे. तो पाऊस त्याने पाहिलेला नाही, त्याला तो पुरवण्यात आलेला आहे. मुलाच्या हातात लेखणी असते. परंतु त्या हातावर मोठ्यांचा हात असतो.

पाथर्डीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातले एखादे मूल डोळ्यांसमोर आणावे. त्याच्यापाशी शब्दांची वाण नाही. उचल, मुकादम, टोळी, फड, मोळी, वाढे, कोपी हे शब्द त्याला येतात आणि त्या प्रत्येकामागे एक अख्खे जग उभे असते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. माणसांच्या जोडीला हत्याराच्या नावाने मोजणारी ही भाषा किती बोलकी आहे, हे कवीला कळते. पण कार्यशाळेत बसल्यावर ते मूल ‘कोपी’ न लिहिता ‘झोपडी’ लिहिते, आणि झोपडीभोवती फुलांची बाग फुलवते. आपले शब्द वहीत लिहिण्याजोगे नाहीत, हे ते शाळेतून आधीच शिकून आलेले असते. कार्यशाळेने त्याची ही समजूत खोडून काढली नाही, तर मुलाने चार दिवसांत केवळ आणखी एक परीक्षा दिली असे होते. फरक इतकाच, की या परीक्षेत सगळेच उत्तीर्ण होतात.

येथे आत्मविश्वास या शब्दाचा अर्थ नीट लावला पाहिजे. टाळ्यांनी येणारी उभारी आणि आत्मविश्वास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. टाळ्यांची उभारी घरी पोचेपर्यंत टिकते. आपल्याला जे दिसले ते खरे दिसले, ते सांगण्यास आपले शब्द पुरेसे आहेत आणि ते ऐकून घेणारे कोणी आहे, या तीन गोष्टींची खात्री म्हणजे आत्मविश्वास. यातील तिसरी गोष्ट मुलाच्या हाती नसते. ती वाचणाऱ्याच्या हाती असते. म्हणून कार्यशाळेची समीक्षा करायची, तर मुलांनी काय लिहिले याआधी मोठ्यांनी ते कसे वाचले, हे पाहावे लागते.

याला आमच्याच मातीतला एक मोठा दाखला आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरमध्ये सुरू झाले. पुढे ते मुंबईहून निघू लागले. त्याच ‘ज्ञानोदया’च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत एका शाळकरी मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला. ती मुलगी म्हणजे पुण्यातील जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, आणि निबंधाचा विषय मांग-महारांचे दुःख. या कथेत नगरचा वाटा केवळ नियतकालिकापुरता नाही. मिस सिंथिया फॅरार यांनी नगरमध्ये चालवलेल्या मुलींच्या शाळा पाहून मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा जोतीरावांना मिळाली होती.

मुक्ताच्या निबंधाची महती आपण सहसा सामाजिक इतिहासाच्या अंगाने सांगतो. ती रास्तच आहे. परंतु साहित्याच्या अंगानेही हा निबंध पुन्हा वाचण्यासारखा आहे. ही मुलगी नुसते दुःख सांगत नाही, ती प्रश्न विचारते. वेदांवर ज्यांना अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असे ती थेट देवालाच विचारते. तिचा प्रश्न तर्काने इतका बांधलेला आहे, की भल्या पंडिताला त्यातून वाट काढता येऊ नये. आणि तिचा तर्क हवेतला नाही. थंडी-पावसात, डोक्यावर धड छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल ती वाचकापुढे ठेवते. हा तपशील तिने कोणत्या पोथीतून उचलला नाही. तो तिच्या वस्तीतला आहे. तिच्या गुरूंनी तिला अक्षरे दिली, विचार करण्याची शिस्त दिली. पण तिचे दुःख पुसून त्या जागी फुले-पाखरे ठेवली नाहीत. आणि संपादकांनी तो निबंध, ‘मुलीच्या मानाने बरा’ म्हणून पाठीवर थाप देऊन परत न करता, मोठ्यांच्या लेखनाच्या बरोबरीने छापला. मुलाच्या लेखनाचा यापेक्षा मोठा सन्मान आम्हांस ठाऊक नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी, कार्यशाळा हा शब्द या अर्थाने मराठीत नव्हता तेव्हा, तिचे सारे आवश्यक घटक तेथे हजर होते: विश्वास टाकणारे शिक्षक, सांगण्याजोगा विषय आणि गंभीरपणे वाचणारा वाचक.

दुसरा दाखला वयाने मुलाचा नाही, परंतु शिकण्याच्या दृष्टीने तो मुलाचाच म्हणावा लागेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे फुला-मुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राला परिचित आहेत. त्यांच्या संसाराचा मोठा काळ नगर आणि राहुरी येथे गेला. पंथाने टिळक कुटुंब आमचे नव्हे. पण भाषेच्या घरात आपण सारे एकाच पंगतीला आहोत. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाई पतीच्या आग्रहाने लिहू-वाचू लागल्या. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आज मराठी आत्मचरित्रांच्या अग्रभागी आहेत. पतीच्या निधनानंतर अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनी पुढे नेले.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक गोष्ट पानोपानी जाणवते. लक्ष्मीबाई वाङ्मयीन व्हायला पाहत नाहीत. सोवळ्याच्या अतिरेकाने घरादाराला जेरीस आणणारे वडील असोत किंवा घरातला शेवटचा पैसाही कोणाला देऊन मोकळे होणारे टिळक असोत, त्या ओसरीवर बसून सांगाव्यात तशा गोष्टी सांगतात. वाक्ये आखूड, शब्द स्वयंपाकघरातले, विनोद स्वतःवरचा. औपचारिक शिक्षणाने जे वळण मनाला व हाताला लागते, ते त्यांना लागले नव्हते. म्हणून त्यांची वाणी त्यांचीच राहिली, असे पुष्कळांना वाटते. हे अर्धे खरे आहे. त्यांची वाणी राहिली, कारण त्या घरात ती ऐकून घेणारे होते. टिळकांचे घर हीच एक अखंड चाललेली कार्यशाळा होती. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, तो त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे काही काळ नगरला याच घरात, घरच्या मुलासारखा राहिला. त्या घरात कवितेचा तास भरत नसे. कविता ही जेवणाखाण्याइतकी रोजची गोष्ट होती. अशा घरात वाढणाऱ्याला लिहिणे हा पराक्रम वाटत नाही. ते बोलण्याचेच पुढचे पाऊल वाटते. चार दिवसांच्या कार्यशाळेने निदान या हवेची झुळूक मुलांपर्यंत पोचवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.

आता कोणी म्हणेल, मुक्ता साळवे आणि लक्ष्मीबाई ही असामान्य माणसे. सामान्य मुलांचे काय? या आक्षेपाला एका परदेशी धर्मगुरूंच्या कामातून उत्तर मिळते. इटलीतील फ्लॉरेन्सच्या धर्मप्रांतात डॉन लोरेन्झो मिलानी नावाचे एक धर्मगुरू होते. १९५४ च्या अखेरीस त्यांना बार्बियाना या डोंगरातल्या आडगावी पाठवण्यात आले. तेथे त्यांनी शेतकऱ्यांच्या, सरकारी शाळांनी नापास ठरवलेल्या मुलांसाठी शाळा सुरू केली. या शाळेतील आठ मुलांनी मिळून एक पुस्तक लिहिले. ते एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले दीर्घ पत्र आहे. गरिबांच्या मुलांना नापास करून बाहेर टाकणाऱ्या शिक्षणपद्धतीचा त्यात हिशेब मांडलेला आहे, आणि तोही आकडेवारीनिशी. १९६७ च्या मे महिन्यात पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर महिन्याभरात, २६ जून रोजी, मिलानी निवर्तले. त्यांच्या हयातीत त्यांच्या कामाकडे वरिष्ठांनी संशयाने पाहिले. पन्नास वर्षांनी, २० जून २०१७ रोजी, पोप फ्रान्सिस त्यांच्या कबरीपाशी प्रार्थनेला गेले.

त्या मुलांनी आपली लेखनपद्धतीही त्या पुस्तकात सांगून ठेवली आहे. प्रत्येकाने खिशात एक वही ठेवायची आणि सुचेल ते टिपायचे. मग एकेक विचार एकेका कागदावर, एकाच बाजूला लिहायचा. सारे कागद मोठ्या टेबलावर पसरून पुनरुक्ती काढायची, एका जातीचे कागद एकत्र लावायचे, त्यांची प्रकरणे करायची. मग प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून त्यातला एकही फालतू शब्द शिल्लक राहू द्यायचा नाही. बाहेरच्या माणसांना वाचून दाखवायचे आणि त्यांना कळले नाही ते बदलायचे. या पद्धतीत प्रतिभेचा उल्लेख कोठेही नाही. सांगण्याजोगे काही असणे, ते कोणाला सांगायचे हे माहीत असणे आणि घाई न करणे, एवढ्याच तिच्या अटी आहेत. प्रतिभा असामान्यांना लाभते. हा खटाटोप सामान्य मुलांना जमतो. शिवाय या पद्धतीत एकटे मूल व्यासपीठावर उभे राहून थरथरत नाही. टेबलाभोवती सारे असतात. भित्र्या मुलाचा एकच कागद पुस्तकात गेला, तरी पुस्तक त्याचेही असते.

येथवर आत्मविश्वासाचा विचार झाला. कल्पनाशक्तीचे काय? फड, मोळी आणि बाळंतिणीचे हाल एवढेच मुलांनी लिहावे असे आम्ही म्हणत आहोत, असा गैरसमज होऊ नये. दुःख हा देखील एक पुरवलेला विषय होऊ शकतो. पाहुण्यांना आवडते म्हणून गरीब मुलाने आपली गरिबीच वाचून दाखवावी, हे फुलपाखरांपेक्षाही वाईट. त्या मुलाला राक्षसाची, चंद्रावरच्या शाळेची, बोलणाऱ्या शेळीची गोष्ट लिहावीशी वाटली तर तो त्याचा हक्क आहे. प्रश्न एवढाच, की ती शेळी त्याची असावी.

कल्पना म्हणजे वास्तवापासून पळ नव्हे. जवळच्याच वस्तूंना नव्या जोडीने उभे करणे, हे तिचे काम. प्रभू येशूच्या दाखल्यांतले सामान पाहा: मोहरीचा दाणा, पिठात कालवलेले खमीर, हरवलेले नाणे, पेरणीला निघालेला शेतकरी. स्वर्गाच्या राज्याविषयी बोलताना त्याने गालिलीच्या शेता-घरांबाहेरचे फारसे काही आणले नाही. आमच्या ओव्या आणि उखाणे रचणाऱ्या बायकांनीही जात्याजवळचेच शब्द घेतले.

मुलांसाठी लिहिणारे इटालियन लेखक जान्नी रोदारी यांनी या प्रक्रियेचे एक साधे यंत्र दाखवून दिले आहे. १९७२ साली रेज्जो एमिलिया गावी शिक्षकांसमोर त्यांनी जी सत्रे घेतली, त्यांतून पुढच्या वर्षी त्यांचे कल्पनेच्या व्याकरणाविषयीचे पुस्तक आले. एका मुलाने फळ्याच्या एका बाजूला एक शब्द लिहावा, दुसऱ्याने तो न पाहता दुसऱ्या बाजूला दुसरा लिहावा. दोन शब्द एकमेकांचे सोबती नसावेत. त्यांचे उदाहरण कुत्रा आणि कपाट यांचे आहे. या दोन शब्दांना जोडण्याच्या खटपटीतून गोष्ट जन्माला येते.

आम्हांस यात मराठीची एक खास सोय दिसते. आमच्या मुलांकडून विभक्तीचे प्रत्यय पाठ करून घेतले जातात. ‘स, ला, ते’ची ती रटाळ घोकंपट्टी या खेळात एकाएकी जिवंत होते. बैल आणि आरसा हे दोन शब्द घ्या. बैलाचा आरसा. आरशातला बैल. बैलाने आणलेला आरसा. आरशाला भ्यालेला बैल. प्रत्यय बदलला, की गोष्ट बदलली. पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवलेल्या बैलाने आरशात पाहिले तर त्याला काय वाटेल, हे नेवाशाच्या किंवा शेवगावच्या मुलाइतके चांगले कोण सांगू शकेल? या खेळात व्याकरण, शेतातला अनुभव आणि कल्पना एकाच वेळी कामाला लागतात आणि कोणालाही ‘सुंदर’ लिहावे लागत नाही.

शुद्धलेखनाचे काय, हा प्रश्न शिक्षक मंडळी हमखास विचारतील. तो रास्त आहे. प्रमाण भाषा ही मुलाची गरज आहे. ती न शिकवणे म्हणजे त्याला वेशीबाहेर ठेवणे होय. आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी मुलाला म्हणायचे ते म्हणू द्यावे, मग ऱ्हस्व-दीर्घ पाहावेत. पहिल्या ओळीवर लाल शाई पडली, की दुसरी ओळ येत नाही. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करणे आणि ‘कोपी’ खोडून ‘झोपडी’ करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली दुरुस्ती, दुसरी लूट.

दुसरा आक्षेप अगदी आजचा आहे. मोबाइलमधल्या यंत्राला विषय सांगितला, की घटकेत निर्दोष निबंध मिळतो. मग मुलांनी लिहायला शिकायचे कशासाठी, असे काही पालक विचारू लागले आहेत. आमच्या मते या यंत्राने एक उपकारच केला आहे. पाठ्यपुस्तकी पाऊस आणि मायेचा सागर आता कोणालाही फुकट मिळतो, म्हणून त्याची किंमत शून्यावर आली. घरातली शेळी विकली त्या संध्याकाळी आजी काय म्हणाली, हे मात्र त्या यंत्राला माहीत नाही. ते एका मुलाला माहीत आहे. कार्यशाळेने त्याच्याकडून तेवढेच मागावे.

तेव्हा एखाद्या कार्यशाळेची परीक्षा कशी करावी? पुस्तिकेची रंगीत वेष्टने, उपस्थितांची संख्या आणि पाहुण्यांची भाषणे बाजूला ठेवून आम्ही चार गोष्टी पाहू. पुस्तिकेतून मुलांची नावे झाकली, तर एकाचे लेखन दुसऱ्याहून वेगळे ओळखू येते काय? त्यात निदान एक शब्द असा आहे काय, जो मार्गदर्शकाला मुलाकडून शिकावा लागला? वर्गात कधी न बोलणाऱ्या मुलाचे एखादे वाक्य तीत आले आहे काय? आणि शेवटी, ती पुस्तिका पालकांखेरीज कोणी वाचली काय?

चौथा प्रश्न आम्हां साऱ्यांना लागू आहे. मुलांच्या लेखनाला वाचक मिळवून देणे हे काम शिबिर संपल्यावर सुरू होते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांपर्यंत पोचत आले आहे. पण एका मासिकाच्या पानांत सारा महाराष्ट्र मावणार नाही. आपल्या नगर जिल्ह्याची परंपरा या बाबतीत दरिद्री नाही. ‘ज्ञानोदय’ येथे जन्मले. आमच्या कॅथलिक समाजाचे ‘निरोप्या’ही १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी याच जिल्ह्यात सुरू केले. धर्मग्रामांची परिपत्रके, शाळांची भित्तिपत्रके, वार्षिकांके आणि आमच्यासारखी त्रैमासिके यांनी प्रत्येक अंकात मुलांसाठी एक पान राखून ठेवावे. ते शेवटचे, उरलेसुरले पान नसावे. त्यावर मुलांचे लेखन त्यांच्याच शब्दांत छापावे आणि पुढच्या अंकात त्यावर आलेल्या मोठ्यांच्या दोन-चार गंभीर प्रतिक्रिया द्याव्यात: कौतुकाच्या नव्हे, वाचल्याच्या. ‘तुझ्या गोष्टीतला मुकादम उचल परत मागायला आला तेव्हा आई घरात होती की फडात, हे कळले नाही, लिहून कळव’, असे एक पत्र एखाद्या मुलाला आले, तर शंभर टाळ्यांनी होणार नाही ते काम होईल. तो उत्तर लिहायला बसेल.